तेलावरचा आयात कर वाढला, तरी सोयाबीन चार हजारांवरच का?

मांजराकाठ (औसा):
नमस्कार मंडळी. कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, पण प्रश्न घरचा आहे. आमचं सोयाबीन सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत निम्मं गेलं. जे हाती लागलं त्याची बनीम (गंजी) लावून, ऊन बघून मळलं आणि परवा वडिलांबरोबर लातूरच्या मोंढ्यात नेलं. सौदा निघाला क्विंटलला ४,२००चा. दाणा डागी, मॉइश्चर जास्त, म्हणून आमच्या पट्टीवर, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, ३,८५० लागले. २०२५-२६चा हमीभाव आहे ५,३२८.

मला एवढंच समजून घ्यायचंय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचा आयात कर वाढवला. कच्च्या तेलावर सगळं धरून ५.५ टक्के होता तो २७.५ झाला, रिफाइंडवर १३.७५ होता तो ३५.७५. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. गावात सगळे म्हणाले, आता बाहेरचं तेल महाग पडणार, आपलं सोयाबीन उचलणार. तेल महाग झालं, ते आईला किराण्याच्या बिलात दिसलं. सोयाबीन मात्र जागचं हललं नाही.

आडत्या म्हणतो, "अर्जेंटिनानं मारलं." चुलते म्हणतात चीन. कॉलेजात मित्र म्हणतात ट्रम्प. अर्जेंटिनातल्या कुणाच्या सहीने आमच्या पट्टीवरचा आकडा नेमका कसा बदलतो, हे कुणी नीट सांगेल का? आणि राहिलेला माल ठेवावा की काढून टाकावा?

पैनगंगा_वाशीम:
सरळ हिशेब आहे भावा. तेल खाणारे मतदार जास्त, सोयाबीन पिकवणारे कमी. शहरात तेल महागलं की दिल्लीला घाम फुटतो.

वाशीचा_उदगीरकर:
पैनगंगा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर सोडलं तर मांजराकाठच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. मी मूळचा उदगीरचा. खाद्यतेलाच्या दलालीत वाशीला आयुष्य गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक क्विंटल सोयाबीन तेल काढायच्या प्लांटमध्ये गेल्यावर त्याचं काय होतं ते बघ. त्यातून तेल निघतं साधारण १८ किलो. पेंड, म्हणजे डीओसी, निघते ८० किलोच्या आसपास. समजा तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये किलो. तेलाचे झाले २,१६०, पेंडीचे २,५६०. एकूण ४,७२०. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, बारदाना, घट आणि प्लांटवाल्याचा नफा वजा कर. उरेल तो तुझा भाव. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो, पण तुझ्या पट्टीत जास्त पैसे पेंडीचे असतात.

आता पेंड किलोला दहा रुपयांनी उतरली, तर क्विंटलमागे ८०० रुपये गेले. ते भरून काढायला तेल किलोला ४४ रुपयांनी वाढायला हवं. आयात कराने तेल इतकं वाढत नाही, आणि वाढलं तर कुठलंच सरकार ते चालू देणार नाही. २०२४च्या करवाढीनंतर हेच झालं. तेलात मिळालेलं पेंडीने खाल्लं. करवाढीची बातमी सगळ्या वाहिन्यांनी दिली, पेंडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग पेंड का पडली? इथे राजकारण येतं, आणि एका नाही, आपल्यासकट पाच देशांचं.

पहिलं आपलंच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आहे, परदेशी खनिज तेलावरचा खर्च वाचावा म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. मग इथेनॉलचा भार मक्यावर आणि तांदळावर गेला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात. तो ढिगाने बाजारात आला, सोयापेंडीपेक्षा स्वस्त, आणि कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला. निर्णय उसाचा होता, भाव पडला सोयाबीनचा.

दुसरं अमेरिका आणि चीन. २०१८च्या जुलैत ट्रम्प यांनी चिनी मालावर कर लावले, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर बसवला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. ब्राझीलच्या शेतकऱ्याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं, त्याने रान वाढवत नेलं. २०२४-२५च्या हंगामात ब्राझीलचं पीक १७ कोटी टनांच्या घरात गेलं. आपलं सव्वा ते दीड कोटी. एवढा माल जगात असताना पेंडीला वर जायला वाव कुठे राहतो?

तिसरं इराण, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इराण आपल्या पेंडीचा मोठा खरेदीदार होता. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे डॉलरमध्ये व्यवहार जमत नव्हता, म्हणून २०१२ पासून असं ठरलं की आपण इराणकडून खनिज तेल घ्यायचं, त्याचे रुपये यूको बँकेत इराणच्या खात्यात ठेवायचे आणि त्याच रुपयांतून इराणने आपली पेंड, बासमती, चहा घ्यायचा. मे २०१९ मध्ये अमेरिकेने आपल्याला दिलेली सवलत बंद केली. आपण इराणी तेल घेणं थांबवलं. खात्यात नवे रुपये येईनात, जुने संपत गेले आणि पेंडीचं ते गिऱ्हाईक आटलं. आपल्या पेंडीला जीएम (जनुकात बदल केलेली) नसल्याचा मान होता, मागणी होती, माल होता. पैसे फिरवायची वाट मात्र वॉशिंग्टनमध्ये बंद झाली.

आता तुझ्या आडत्याचं अर्जेंटिना. तिथलं सरकार सोयाबीन, पेंड आणि तेल बाहेर पाठवणाऱ्यावर निर्यात कर घेतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सोयाबीनवर २६ टक्के, तेल-पेंडीवर साडेचोवीस होता. २०२५च्या ७ सप्टेंबरला ब्युनॉस आयर्स प्रांताच्या निवडणुकीत अध्यक्ष मिलेई यांचा पक्ष हरला. त्यांच्या चलनाची, पेसोची, घसरण लागली. पुढची निवडणूक २६ ऑक्टोबरला होती आणि तिजोरीत डॉलर नव्हते. म्हणून २२ सप्टेंबरला त्यांनी निर्यात कर शून्य केला, ३१ ऑक्टोबरपर्यंत किंवा ७ अब्ज डॉलरच्या निर्यातीची नोंद होईपर्यंत, जे आधी होईल ते. ती नोंद तीन दिवसांत पूर्ण झाली आणि कर परत लागला. त्या तीन दिवसांत चीनने जहाजांमागून जहाजं सोयाबीन उचललं आणि आपल्या आयातदारांनी सोयातेलाचे भराभर सौदे केले. सौदा आला की लगेच दे-घे, त्या दिवसांत वाशीत फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. आपल्या बाजारात नवा माल यायच्या तोंडावरच येणाऱ्या महिन्यांचं स्वस्त तेल बुक होऊन बसलं. मग प्लांटवाला तुझ्या मालासाठी कशाला धावेल? आडत्या खोटं बोलला नाही. पण अर्जेंटिनाने तेल स्वस्त केलं, पेंड त्याच्या आधीच पडलेली होती.

आता ज्याची मला खरी चीड येते ते सांगतो. २८ मे २०२५ला मंत्रिमंडळाने सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून ५,३२८ केला. दोन दिवसांनी, ३० मेला, कच्च्या तेलावरचा मूळ आयात कर २० वरून १० टक्क्यांवर आणला. सगळं धरून २७.५चा साडेसोळा झाला. रिफाइंडवरचा कर होता तसाच ठेवला, कारण देशातल्या रिफायनरीवाल्यांची मागणी होती की कच्चं आणि रिफाइंड यांतलं अंतर वाढवा. ते वाढलं, १९.२५ टक्के झालं. त्या मागणीत चूक नाही, रिफाइंड पामोलिन बाहेरून आलं तर इथले कारखाने बंद पडतात आणि लोकांचा रोजगार जातो. पण मृग लागायच्या आठवडाभर आधी एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने बाजारभावाचा आधार काढायचा, हे पेरणाऱ्या माणसावर अन्याय करणारं आहे. त्याने ५,३२८ ऐकून बी-खताचे पैसे उचललेले असतात.

क्लांगकाठ (मलेशिया):
उदगीरकर काकांनी पाच देश सांगितले, मी सहावा जोडतो, कारण मी तिथे राहतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये इथले तेव्हाचे पंतप्रधान महाथिर संयुक्त राष्ट्रांत काश्मीरबद्दल भारताविरुद्ध बोलले. ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या तेल उद्योगाच्या संघटनेने, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनने, सभासदांना मलेशियाचं पामतेल टाळायला सांगितलं. ८ जानेवारी २०२०ला भारताने रिफाइंड पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. कागदावर कुठल्याच देशाचं नाव नव्हतं. पण इंडोनेशिया मुख्यतः कच्चं तेल पाठवतो आणि रिफाइंडमध्ये मलेशिया पुढे, त्यामुळे इशारा कुणाला आहे हे इथल्या प्रत्येक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर लिहिलं.

इथे फेल्डा नावाची सरकारी वसाहत योजना आहे. भूमिहीन कुटुंबांना पामची बाग लावून दिलेली. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील अशा वसाहतीत आहेत. त्यांनी मला विचारलं होतं की तुमच्या देशाचं आमच्या फळावर काय वैर आहे? तेही तुमच्यासारखेच, झाडावरून घड उतरवून वजनाला नेणारे शेतकरी. महाथिर म्हणाले की आम्ही प्रत्युत्तर द्यायला फार लहान आहोत. २४ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला, नवं सरकार आलं, मे महिन्यात मलेशियाने भारताकडून एक लाख टन तांदूळ घ्यायचा करार केला आणि भारतीय व्यापारी परत मलेशियाकडून पामतेल घेऊ लागले.

एक विचारतो. हे सगळं झालं तेव्हा लातूरच्या शेतकऱ्याला फायदा झाला का?

वाशीचा_उदगीरकर:
क्लांगकाठ, फायदा झाला तो इथल्या रिफायनरीचा. रिफाइंडऐवजी कच्चं पाम आलं, देशात शुद्ध झालं. एकूण पामतेलाला पर्याय म्हणून सोयाबीन पुढे आलं असं नाही. तेल पामचंच राहिलं.

तुमच्याच भागातलं याच्या उलट उदाहरण म्हणजे इंडोनेशिया. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन सूर्यफूल तेल अडकलं, इंडोनेशियात ईदच्या तोंडावर तेलाचा भडका उडाला, म्हणून २८ एप्रिल २०२२ला त्यांनी पामतेलाची निर्यातच बंद केली. आपल्याकडे हाहाकार झाला. तीन-साडेतीन आठवड्यांत, २३ मेला, त्यांना ती उठवावी लागली, कारण टाक्या भरल्या आणि त्यांच्याच शेतकऱ्याचं फळ कुणी घेईना. लगेच २४ मेला आपल्या सरकारने सोयातेल आणि सूर्यफूल तेल दरवर्षी प्रत्येकी २० लाख टन बिनकराचं आणायची मुभा दिली, दोन वर्षांसाठी. टंचाई महिनाभराची, जाहीर केलेली सवलत दोन वर्षांची.

इंदापूर_पोल्ट्री:
माझी बाजूही ऐका. ब्रॉयलरचा धंदा करतो. कोंबडीच्या खर्चात दोनतृतीयांश खाद्याचा असतो, आणि खाद्यात मका आणि सोयापेंड हेच दोन खांब. २०२१च्या उन्हाळ्यापासून पेंड दुपटीहून वर गेली. आमच्या भागात कित्येकांनी शेड रिकामी ठेवली. तेव्हा आमच्या धंद्याने पेंड आयातीची मागणी केली आणि सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम पेंडीला परवानगी दिली. सोयाबीन उत्पादकांनी आम्हाला शिव्या घातल्या. पण अंडं-चिकन विकत घेणारा पण गरीबच असतो, आणि शेड उभी करणाराही शेतकऱ्याचाच पोरगा असतो.

डीडीजीएसबद्दल सांगतो. स्वस्त आहे, वापरतो. पण पोत्यागणिक फरक असतो. जळका, काळपट माल आला की कोंबडीला प्रथिनं पचत नाहीत. मक्यात बुरशी असेल तर तिचं विष त्या चोथ्यात गोळा होऊन येतं, कोंबडीचं यकृत जातं. पिल्लांच्या खाद्यात मी अजून सोयापेंडच घालतो. म्हणजे सोयाबीनचं गिऱ्हाईक संपलेलं नाही.

वाशीचा_उदगीरकर:
इंदापूरकर, तुमची अडचण खरी होती. माझं भांडण तारखेशी आहे. २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातुरात सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं. तो जुन्या मालाचा, थोड्या आवकेचा भाव, उतरणारच होता. पण २४ ऑगस्टला परवानगी आली, मुदत आधी ऑक्टोबरअखेर, मग वाढवलेली. हाच माल मे-जूनमध्ये आला असता तर तुमची शेडं वाचली असती आणि शेतकऱ्याच्या नव्या पिकाला धक्का लागला नसता. नवा माल आला तोवर भाव पाच हजारांच्या आसपास. त्यानंतर २० डिसेंबरला सेबीने (वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने) सोयाबीन आणि सोयातेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदेही बंद केले, ते पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत २०२५ मध्येही बंदच होते. पेरताना पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचं एक साधन होतं, तेही गेलं.

मांजराकाठ:
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, वडिलांना वाचून दाखवलं. ८० किलो पेंडीचा हिशेब त्यांनी वहीत लिहून घेतला. त्यांचा एक प्रश्न. सरकारने मनात आणलं तर सोयातेलावर शंभर टक्के कर लावून बाहेरचं तेल बंद का करत नाही?

वाशीचा_उदगीरकर:
वडिलांना नमस्कार सांग. हा प्रश्न दिल्लीतल्या भल्याभल्यांना विचारावा असा आहे. उत्तर जागतिक व्यापार संघटनेच्या कागदात आहे. पामतेलावर आपण ३०० टक्क्यांपर्यंत कर लावू शकतो, पण सोयातेलावर आपण जगाला दिलेली मर्यादा ४५ टक्के आहे. त्यापुढे गेलो तर अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना भरपाई मागू शकतात. शिवाय देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास. उद्या ते अडवलं तर पोळीवर लावायला तेल राहणार नाही. १९९०च्या सुरुवातीला आपण तेलात जवळपास स्वयंपूर्ण झालो होतो. १९९४ पासून पामोलिनची आयात खुली केली आणि मग कर कधी वर, कधी खाली. एखादा देश तीस वर्षं शेतकऱ्याला सांगत राहिला की यंदाचं काय ते पेरणीनंतर कळेल, तर तो शेतकरी तेलबियांत पैसा घालणार नाही. आपली आयात वाढायचं मला हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं.

आणि दरवाजा बंद केला तरी खिडकी उघडी असते. दक्षिण आशियातल्या मुक्त व्यापार कराराखाली नेपाळमधून रिफाइंड तेल बिनकराचं येतं. नेपाळात एवढं सोयाबीन पिकत नाही. ते कच्चं तेल बाहेरून आणतात, शुद्ध करतात आणि सीमेपलीकडे आपल्याला विकतात. २०२४ला आपला कर वाढला तशी ही आवक जोरात वाढली. शेजाऱ्याशी संबंध बिघडू नयेत म्हणून तिथे हात आखडता घेतला जातो.

आता तुझ्या मालाचं. भाव कुठे जाईल हे मी सांगणार नाही, जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण चाळणी लाव. डागी दाणा वेगळा काढ आणि तो आत्ताच विक, तो हमीभाव केंद्रावर पास होणार नाही आणि ठेवून सुधारणारही नाही. चांगला माल वाळवून १२ टक्क्यांच्या आत आण आणि नाफेडच्या (हमीभावाने खरेदी करणाऱ्या संस्थेच्या) केंद्रावर नोंदणी कर. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, पासबुक लागेल. नंबर लागेपर्यंत घरखर्चाची अडचण असेल तर बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून तारण कर्ज घे. पणन मंडळाची योजना आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. फेब्रुवारीत ब्राझीलची कापणी जोरात सुरू होते, तिकडे पाऊसपाणी बरं असेल तर त्यानंतर भावाला जोर मिळणं अवघड असतं. तेवढी तारीख डोक्यात ठेव.

मांजराकाठ:
डागी आणि चांगला माल आजच वेगळा केला. ई-पीक पाहणी वडिलांनी ऑगस्टमध्येच केली होती, त्यामुळे नोंदणी होईल.

आणखी एक करतोय. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीतर्फे खासदारांना निवेदन द्यायचंय. मागणी एकच ठेवली आहे : तेल आणि पेंड यांच्या आयातीबद्दल जे काही ठरवायचं ते मार्चअखेर जाहीर करा आणि पुढच्या मार्चपर्यंत बदलू नका. नेपाळचं त्यात लिहू का?

वाशीचा_उदगीरकर:
नको. नेपाळ परराष्ट्र खात्याचा विषय, ते पत्र तिकडे जाऊन पडेल. २८ मे आणि ३० मे या दोन तारखा मात्र ठळक लिही, आणि शेजारी पट्टीची झेरॉक्स जोड. अमेरिकेशी २०२५ मध्ये व्यापार कराराची बोलणी सुरू झाली, त्यात त्यांना आपल्याला सोयाबीन आणि मका विकायचा होता. हे निवेदन अशा करारावर सह्या व्हायच्या आधी पोचायला हवं.

इंदापूर_पोल्ट्री:
मार्चची मागणी आम्हालाही चालेल. आम्हालाही वर्षाचं खाद्य आधी ठरवता येईल. मसुदा इथे टाक, आमच्या तालुक्यातल्या पोल्ट्रीवाल्यांच्या सह्या मी घेतो.